अनोळखी मजकूर

४ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र लिहायला तसंच गंभीर कारण घडलं आहे. माझं लाल पेन काढून घेण्यात आलं आहे.

ज्या लाल पेनाने अठ्ठावीस वर्षं मी तिसरीच्या पोरांच्या वह्यांवर न्यायदान केलं, ते आज दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी स्वहस्ते टेबलाच्या खणात ठेवलं, खण लावला आणि मला निळं दिलं. निळं! निळ्या शाईने चूक दाखवणं म्हणजे कुजबुजत ओरडणं. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "सर, ओरडायचंच नाहीये ना." या बाई एके काळी माझ्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसून पाढ्यांना रडायच्या. आता त्या माझी पेनं ठेवून घेतात. कालाय तस्मै नमः असं म्हणून मी निळं पेन खिशाला लावलं. ते गळतं.

या क्रांतीचं मूळ असं, की नवं प्रगतिपुस्तक आलं आहे. त्यात गुण नाहीत, टक्के नाहीत, क्रमांक नाही. अठरा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे एक ते चार यांतला एक आकडा. एक म्हणजे अजून सुरुवात आहे. दोन म्हणजे मदत मिळाली की जमतं. तीन म्हणजे एकट्याने जमतं; वर्ष संपताना सगळ्यांनी इथवर यावं ही अपेक्षा. चार म्हणजे त्याच्याही पुढे. 'भाषा' म्हणून सगळं एका गाठोड्यात बांधायचं नाही. गोष्ट सांगणं वेगळं, पाठांतर वेगळं, अनोळखी मजकूर वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. आणि हे सगळं पालकांना समजावून सांगायला समस्त शिक्षकवृंदातून निवड कोणाची झाली असेल? ज्याचा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही त्याची. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला पटलं तर कोणालाही पटेल."

मिरी उत्तम आहे. तू ठेवलेलं हे नाव तिने सार्थ केलंय; दाणा केवढा आणि झणका केवढा. गेल्या वर्षी भाषेत एक्क्याण्णव होते. दुसरीत भाषेची परीक्षा सगळी तोंडीच, आणि ती मीच घेतली होती, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न येत नाही. घरच्या माणसाला मी दोन गुण कमीच देतो, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

एक व्यवहाराची गोष्ट. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पालकाची सही लागते, आणि सहीच्या वर पालकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची: मूल घरी काय वाचतं. मी वर्गशिक्षक, म्हणून माझी सही शाळेला चालत नाही. तुझ्या वहिनीची मिरीला चालत नाही. "बाबाच करणार," एवढं बोलून तिने विषय संपवला. तेव्हा ते पुस्तक तिकडे पाठवीन. दिवसभर जहाजांची पोटं सांधणाऱ्या माणसाला एक सही जड नाही.

तिची आई गेल्यावर तू तिला आमच्याकडे ठेवून त्या धक्क्यावर नोकरीला गेलास, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. मी त्याबद्दल काही म्हणत नाही. निघताना दारात जे बोलणं झालं, ते दोन्ही बाजूंनी झालं. पण ही सही माझ्यासाठी नाही.

— दादा


१९ ऑगस्ट

धाकट्या,

पालकसभेची रंगीत तालीम काल स्वयंपाकघरात झाली. श्रोतृवर्ग: तुझी वहिनी. मी 'मूल्यमापनाची संकल्पना' पासून आरंभ करून 'अपेक्षित अध्ययननिष्पत्ती' पर्यंत पोचलो, तोवर तिने भाजी निवडून, धुऊन, चिरून घेतली होती.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही त्यांना समजावताय की शाप देताय?"

दवाखान्यात गोळ्या देणाऱ्या बाईला प्रौढ गद्याची चव नसावी, यात नवल नाही. तिचं म्हणणं असं, की औषधाच्या पुडीवर ती एकच वाक्य लिहिते, "सकाळी एक, जेवणानंतर," आणि त्यावर माणसं बरी होतात. मी म्हटलं, माणसं औषधाने बरी होतात, वाक्याने नाही. ती म्हणाली, "वाक्य कळलं नाही तर औषधाने मरतात." यापुढे तालीम स्थगित झाली.

संध्याकाळी मात्र मला योग्य तो श्रोता मिळतो. मिरी पुस्तक घेऊन माझ्या खुर्चीला टेकून बसते आणि रोज तेच म्हणते, "काका, आधी तुम्ही वाचा ना. तुमचा आवाज छान आहे." आता आठ वर्षांच्या मुलीला स्वरांची ही जाण असेल, तर तिचा हिरमोड करणारा मी कोण? मी एकदा वाचतो. मग ती वाचते. धाकट्या, एकदा ऐकलेला धडा ती जशाचा तसा म्हणते. मी जिथे श्वास घेतो तिथे श्वास घेते, जिथे खाकरतो तिथे खाकरते. आपले वडील असते तर तिला जवळ बसवून म्हणाले असते, "एकपाठी आहे." शब्दरूपं, धातुरूपं, सगळं तिला एका महिन्यात देऊन टाकलं असतं. मला मिळायला सहा वर्षं लागली. तुझं सोडून देऊ.

रविवारी वहिनीच्या फोनवर तू तिच्याशी बोलतोस, ते मला आतल्या खोलीत ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. भिंत पातळ आहे.

— दादा


६ सप्टेंबर

धाकट्या,

शाळेत अनर्थ झाला आहे, आणि तो मी निस्तरणार आहे.

नव्या नियमाप्रमाणे वाचनाची ओळ वर्गशिक्षकाने भरायची नाही. मुख्याध्यापिका प्रत्येक मुलाला जवळ बसवतात, त्याने कधी न पाहिलेला सहा ओळींचा कागद पुढे ठेवतात आणि वाचून घेतात. माझ्या तेहतीस पोरांचे आकडे आज आले. आपली मिरी: गोष्ट सांगणे, चार. पाठांतर, चार. बेरीज-वजाबाकी, तीन. अनोळखी मजकूर वाचणे, एक.

एक!

मी तसाच त्यांच्या खोलीत गेलो. निळं पेन हातात होतं, त्यामुळे आवेशात थोडी उणीव राहिली.

"बाई, आकडा चुकलाय."

"नाही सर."

"मग पोरगी तुम्हाला घाबरली असेल."

"मला? सर, तिने मला खुर्ची ओढून दिली. वर म्हणाली, तुमचा आवाज छान आहे, आधी तुम्ही वाचा."

"मग?"

"मी म्हटलं, आज तूच. मग वाचलं तिने."

त्या कागदावर सायकलीशेजारी बसलेल्या कुत्र्याचं चित्र होतं. मिरीने ओळींखालून बोट फिरवत गोष्ट वाचली: मालक सायकल विसरून परगावी गेला, तेव्हापासून कुत्रा सायकलीची राखण करत बसलाय, आणि कोणी घंटी वाजवली की त्याला वाटतं मालकच आला. बोट बरोबर सहाव्या ओळीच्या टोकाला थांबलं.

"मग बरोबरच आहे की," मी म्हटलं.

बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर पंक्चर कसं काढावं ते लिहिलं होतं.

"तिची गोष्ट छापलेल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे सर. म्हणून तिथे चार दिलेत. पण वाचलं तिने काहीच नाही."

एक्क्याण्णव गुणांच्या मुलीबद्दल हे ऐकून घेणं मला शक्य नव्हतं. मी उठलो. काय बोललो ते लिहीत नाही. पाढ्यांचा उल्लेख आला, तो यायला नको होता.

मला वाटतं डोळ्यांचा दोष असावा. आपल्याकडे चष्मे लवकर लागतात. गुरुवारी दाखवून घेतो.

— दादा


११ सप्टेंबर

धाकट्या,

डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा तिने सांगितली. एकेक अक्षर होतं, सुटं.

घरी येऊन मी तिच्या हातात तिचंच पुस्तक दिलं. म्हटलं, तू वाच, पानं मी उलटतो. बोट फिरू लागलं, आवाज लागला, माझाच. मधल्या एका ठिकाणी मी दोन पानं एकदम उलटली.

ती थांबली नाही. जे पान आता पुस्तकाच्या पोटात मिटलेलं होतं, ते तिने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. एक अक्षर चुकलं नाही.

"मिरे," मी विचारलं, "हे कुठे लिहिलंय?"

तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग बोट उचललं आणि पाठीमागे लपवलं, जणू सगळी लबाडी त्या बोटानेच केली होती.

"काका, एक्क्याण्णव परत घेणार?"

मी नाही म्हटलं. तुझी वहिनी दारात उभी होती. ती आत आली, तिने मिरीचं ते पाठीमागचं बोट धरलं आणि तिला बाहेर नेलं. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अक्षरं तिला येतात, धाकट्या. पण अक्षराला अक्षर जोडून शब्द होईपर्यंत पहिलं तिच्या हातून निसटतं. जोडाक्षर आलं की भिंतच. हे दोन वर्षं कोणाला दिसलं नाही, कारण त्या भिंतीपुढे तिने माझ्या आवाजाचा पडदा लावला होता आणि त्या पडद्याला मी एक्क्याण्णव गुण दिले होते. आपल्या घरात पाठ म्हणता येणं म्हणजेच येणं. तसंच मी शिकलो. ही चूक करायला माझ्यासारखाच माणूस हवा.

उद्या सकाळी बाईंकडे जाऊन आधी पाढ्यांबद्दल माफी मागणार आहे. मग विचारणार आहे, सुरुवात कुठून करायची.

— दादा


२१ सप्टेंबर

धाकट्या,

पालकसभा पार पडली. तिसरीच्या बाकांवर बसलेले तेहतीस पालक ही पाहण्यासारखी गोष्ट असते. गुडघे हनुवटीला लागलेले, तरी मागचाच बाक आधी भरलेला.

मी तोंड उघडतो न उघडतो तोच मागून एक बसचालक उभे राहिले. उभे राहिले म्हणजे बाकातून निघाले. त्यात थोडा वेळ गेला.

"सर, एकेचाळीस आले. चांगले का?"

"कुठले एकेचाळीस?"

"बेरीज केली ना! अठरा ओळी, प्रत्येकी चार, म्हणजे बहात्तरपैकी एकेचाळीस. सत्तावन्न टक्के. पोरगं वाया चाललंय का, ते सरळ सांगा. मला घुमवून सांगितलेलं कळत नाही."

वर्ग हसला. पण मी पाहिलं, निम्म्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने बेरजा होत्या. एका आईने तर दशांशापर्यंत नेली होती.

मी 'संकल्पना' हा शब्द उच्चारणार, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या नर्सबाई वळून म्हणाल्या, "अहो भाऊ, आमच्याकडे पेशंटच्या खाटेला कागद असतो. ताप वेगळा, नाडी वेगळी, रक्तदाब वेगळा. त्यांची काय बेरीज करता तुम्ही? आणि सांगता, पेशंट सत्तावन्न टक्के बरा आहे म्हणून?"

"नाही, तसं नाही..." बसचालक डोकं खाजवू लागले. "आता आमच्याकडे एक नवा आला होता. सरळ रस्त्याला गाडी अशी चालवायचा, की प्रवाशांना डुलकी लागावी. मागे घेताना डेपोची भिंत पाडली."

"मग त्याला सरासरी किती दिलीत?" नर्सबाई.

"सरासरी कसली देताय? महिनाभर मागे घ्यायलाच शिकवलं." एवढं बोलून ते थांबले. हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले. "हं. म्हणजे हा लिहिण्यापुढचा दोन आहे, ते पोराचं मागे घेणं."

धाकट्या, अठ्ठावीस वर्षांत एवढं चांगलं विवेचन माझ्या वर्गात झालेलं नाही. मी ठरवून आणलेले चार कागद घडी घालून खिशात ठेवले.

पुढचा अर्धा तास मी फक्त उत्तरं दिली, लहान वाक्यांत. पहिल्या सत्रात दोन म्हणजे नापास का? नाही, तीनवर वर्षाच्या शेवटी पोचायचंय, सप्टेंबरात दोनवर असेल तर गाडी वेळेवर आहे. चार नाही मिळाला तर शिकवणी लावू का? नको, तीन हे पूर्ण आहे, चारातून कापून उरलेलं नाही. 'शिस्त' आणि 'प्रयत्न' वेगळ्या पानावर का? कारण आजवर शांत बसणाऱ्या मुलाला आम्ही गणितात दोन गुण जास्त देत आलो, आणि वळवळणाऱ्याचे कापत आलो. पहिल्या बाकावरचे एक आजोबा यावर फार समाधानाने हसले. ते वळवळणारे असावेत.

मग बसचालकांनीच विचारलं, "आणि एक असेल तर? लपवू नका हां सर."

कोणाच्या तरी पुस्तकात तो आकडा होता, आणि कोणाच्या ते कोणी बघत नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या घरी आहे. माझ्या पुतणीला वाचनात एक आहे. मी या शाळेत भाषा शिकवतो. गेल्या वर्षी मीच तिला एक्क्याण्णव दिले होते, आणि त्या एक्क्याण्णवात हा एक कुठे बुडून गेला होता, ते मला दिसलं नाही. आता दिसतोय. एक म्हणजे ती ढ आहे असं नाही. एक म्हणजे, मी तिला मदत करायला अजून सुरुवातही केलेली नाही."

हे सांगण्याआधी मी मिरीची परवानगी घेतली होती. तिने अट घातली होती, की चार पण सांगायचे. मी दोन्ही चार सांगितले, कुत्र्याच्या गोष्टीसकट. टाळ्या त्या गोष्टीला पडल्या.

सभा संपल्यावर बाईंनी खण उघडून माझं लाल पेन परत दिलं. म्हणाल्या, "आता असू दे तुमच्याकडे." मी ते घरी आणून मिरीला देऊन टाकलं.

आता व्यवस्था अशी. मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाई तिला घेतात. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मी. कागद नवा, चित्र नाही, आणि मी आधी वाचायचं नाही. ती अडली की मी तोंड मिटून बसायचं. हे शेवटचं फार अवघड आहे. काल 'दरवाजा' या शब्दाला चार मिनिटं लागली, आणि तेवढ्यात मी माझ्या आयुष्यातले सगळे दरवाजे मनात उघडून बंद केले.

— दादा


४ ऑक्टोबर

धाकट्या,

आज मिरी रुसली. तीन ओळींचा कागद होता, दुसऱ्या ओळीत अडली. मग हनुवटी वर करून, तिरकं बघत म्हणाली, "एकदाच वाचा ना काका. एकदाच. तुमचा आवाज छान आहे."

आणि मला ऐकू आलं, "दादा, आधी तू वाच ना. तुझा आवाज छान आहे."

शब्द तेच. हनुवटी तीच. तू नऊ वर्षांचा होतास, मी सतरा. रोज संध्याकाळी तू माझ्या मांडीला टेकायचास आणि बोट ओळीखालून फिरवायचास. मला वाटायचं, धाकट्याला आपलं कौतुक आहे. तिला तू हे शिकवलं नसशील. कोणीच शिकवलं नसेल. भिंतीपुढे उभ्या केलेल्या मुलाला ते आपोआप सुचत असावं.

मग तुझं वय वाढलं, धडे लांबले, एकदा ऐकून भागेना. तुझ्या प्रगतिपुस्तकात भाषेपुढे एकच आकडा यायचा, लाल. एकवीस. सतरा. घरी पाहुणे असले की वडील ते प्रगतिपुस्तक माझ्या हातात देऊन म्हणायचे, वाच मोठ्याने. मी वाचायचो. त्याच छान आवाजात. पाहुणे हसायचे, आणि आधी हसू कोणाला यायचं, ते तुला माहीत आहे. नववीत तू शाळा सोडलीस, तेव्हा वडिलांनी कपाळाला हात लावला आणि मी सुभाषित म्हटलं.

मागे मी लिहिलं होतं, की दारातलं बोलणं दोन्ही बाजूंनी झालं. ते खरं नाही. तू एवढंच म्हणालास, "दादा, हिला चारचौघांत कधी वाचायला लावू नकोस." तुला तेव्हाच दिसलं होतं. आणि मी म्हणालो, "शिकवायचं कसं ते शिकलेल्यांवर सोड." तू पिशवी उचललीस.

आता दुसऱ्या गोष्टी आठवतात. तू मिरीला फोनवर नेहमी बोलून निरोप पाठवतोस, लिहून एकदाही नाही. मी त्याला आळस म्हणत होतो. माझी पत्रं तुझ्याकडे पोचतात. पोचपावत्या येतात, त्यावर तुझी सही असते, वेल्डिंगच्या सांध्यासारखी सावकाश ओढलेली. उत्तर येत नाही. मी समजत होतो, राग आहे. 'समस्त शिक्षकवृंद', 'न्यायदान', 'अध्ययननिष्पत्ती': दोन वर्षं मी तुला भिंतीमागून भिंत पाठवतो आहे. त्या तू उघडतोस का? की धक्क्यावरच्या एखाद्या सोबत्याला म्हणतोस, जरा वाच ना, तुझा आवाज छान आहे?

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. हे परक्याच्या तोंडून तू ऐकू नयेस.

पुढचं वेगळं असेल. ते टपालाने येणार नाही. बारा तारखेच्या रविवारी मिरी फोनवर तुला वाचून दाखवेल. तिला ते आधी दिसणार नाही, मी वाचून दाखवणार नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अनोळखी मजकूर म्हणून चालेल की सर. जोडाक्षरं तेवढी सांभाळा." कालपासून चार कागद फाडले. 'प्रिय' गेलं, 'पत्र' गेलं, 'क्षमा' तर पहिल्याच अक्षराला गेलं. जन्मभर संस्कृतावर जेवलेल्या माणसाला हा कडक उपास आहे. पण लिहीन. ते जमेपर्यंत उठणार नाही.

— दादा


रविवार, १२ तारीख

बाबा,

हा कागद दादाचा आहे. मिरी वाचते आहे. तिने तो आधी पाहिलेला नाही.

ती अडेल. तू थांब. पुढचं सांगू नको. मीही शेजारी बसून गप आहे. हे मला फार जड जातं.

मिरीला वाचनात आधी एक होता. परवा दोन झाला. तीनही होईल. किती दिवस लागतील, ते मला ठाऊक नाही. मी घाई करणार नाही. मी हे सोडणारही नाही.

मिरीने लाल पेनाने मलाही आकडे दिले. छान आवाज: चार. थांबून ऐकणं: एक. आकडे बरोबर आहेत.

लहानपणी तूही असाच अडायचास. मी हसायचो. ते चुकलं. दारात मी जे बोललो, तेही चुकलं. तू बरोबर होतास.

शेवटी सही करायची आहे. सहीवर एक ओळ लिहायची आहे: मिरी घरी काय वाचते. ती ओळ तू आता बोल. मिरी लिहील; तसं चालेल, असं बाईंनी सांगितलं आहे. तुला हवा तेवढा वेळ घे. मग कागद तिकडे येईल. सही तुझीच हवी.

मिरी तीनवर जाईल का, याची मला काळजी नाही. काळजी वेगळी आहे. तुला अबोल मी केलं. हिलाही तसंच करीन, याची मला रोज भीती वाटते.

दादा